घरी आलेल्या पिल्लाचे पोट

तापीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपूर आणि दक्षिण तीरावर आमचे जैनाबाद. परगावचे लोक इकडे येतात ते बहुधा आहूखाना पाहण्यासाठी. 'आहू' म्हणजे हरिण. मोगलांनी मृगयेसाठी राखलेली ही बाग. १६३१ साली बऱ्हाणपुरात मुमताज महल निवर्तली, तेव्हा आग्र्यास नेईपर्यंत सुमारे सहा महिने तिचा देह याच तीरावर विसावला होता. हरणांचे दिवस केव्हाच सरले. आता भोवती केळीच्या बागा आहेत, आणि थंडीच्या तोंडावर त्या बागांच्या कडेला, कुठल्याशा आडोशाला एखादी कुत्री विते. मग कोणाच्या तरी मुलाच्या सदऱ्यात गुंडाळलेले एक पिल्लू घरी येते, आणि घरातील वडीलधारी मंडळी 'नको, नको' म्हणत असतानाच त्याच्यासाठी वाटी शोधू लागतात.

आमच्याकडे पहिले पिल्लू आले ते असेच. त्या दिवशी प्रत्येकाने प्रेमाने काही ना काही पुढे केले. आईने म्हशीचे दूध दिले, वहिनींनी तूप लावलेली पोळी कुस्करली, आणि शेजारच्या काकूंनी तर मावा जिलेबीचा तुकडाही चाखविला. दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले. 'बाधले असेल, एक दिवसात बरे होईल,' असे आम्ही सर्वांनी म्हटले. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी ते पाण्यालाही तोंड लावीना आणि जुलाबातून रक्त पडू लागले. तेव्हा कोठे आम्ही त्याला घेऊन पूल ओलांडला. पशुवैद्यांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या आणि ते एवढेच म्हणाले, 'हे दोन दिवस आधी आणावयास हवे होते.' त्याच रात्री ते गेले.

या हळहळीतूनच पुढील माहिती आम्ही गोळा केली. नव्या पिल्लाचे पोट बिघडणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. दहांतील नऊ वेळा घाबरण्याचे कारण नसते असे आपण मानून चालतो, आणि तेथेच फसतो. साधे बिघडलेले पोट आणि जिवावरचे दुखणे पहिल्या दिवशी सारखेच दिसते. ते वेगळे ओळखणे, हीच पिल्लू पाळणाऱ्याने शिकावयाची पहिली गोष्ट.

पोट का बिघडते

पहिले कारण म्हणजे बदल. आई सुटली, भावंडे सुटली, जागा नवी, आवाज नवे आणि अन्नही नवे. या साऱ्याचा ताण लहानशा आतड्यांवर पडतो. म्हणून पिल्लू जेथून आणावयाचे तेथे ते काय खात होते हे विचारून घ्यावे, पहिले काही दिवस तेच द्यावे, आणि मग आठवडाभरात थोडे थोडे मिसळून नवे अन्न सुरू करावे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडूच नये. कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधी २०१७ साली झालेल्या केंद्रीय नियमांतही आठ आठवड्यांखालील पिल्लांच्या विक्रीस मनाई आहे.

दुसरे कारण आपल्या घरोघरचे लाडके, ते म्हणजे दूध. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक स्निग्धांश व प्रथिने असतात; उलट दुग्धशर्करा गाई-म्हशींच्या दुधात अधिक असते. ही शर्करा पचविणारा पाचकरस पिल्लू मोठे होऊ लागताच कमी होत जातो. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते, आंबते, आणि जुलाब होतात. 'कुत्ते को घी नहीं पचता' असे हिंदी मुलखात म्हणतात. लहान पिल्लाच्या बाबतीत तुपाच्या जोडीला दुधाची वाटीही धरावी.

तिसरे कारण जंत. मोठे गोल जंत पिल्लाला आईच्या उदरातच मिळतात. अंकुशकृमी तिच्या दुधातून येतात आणि रक्त शोषतात. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, बरगड्या मात्र दिसत आहेत, केस निस्तेज आहेत, असे पिल्लू 'गुटगुटीत' नसून जंताळलेले असते. जंतांचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास, आणि आठ आठवड्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा देण्याची पद्धत आहे. मात्र मात्रा वजनावर ठरते. ती पशुवैद्यांनाच ठरवू द्यावी. या जंतांची अंडी मातीत काही आठवड्यांनी पक्व होतात आणि मुलांच्या पोटातही जाऊ शकतात. म्हणून अंगणातील घाण रोजच्या रोज उचलावी आणि मुलांनी जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

चौथे कारण सर्वांत भयंकर, ते म्हणजे पार्व्हो विषाणू. हा रोग कुत्र्यांच्या जगात फार जुना नाही. तो १९७८ साली ध्यानात आला आणि एकदोन वर्षांतच खंडाखंडांत पसरला. हा विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि हाडांतील मगजावर घाला घालतो. त्यामुळे एकीकडे शरीरातले पाणी व रक्त वाहून जाते आणि दुसरीकडे रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. संसर्ग झाल्यापासून साधारणतः तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसतात. म्हणजे पिल्लू घरी येते तेव्हा धडधाकट दिसते आणि आठवड्याच्या आत अंथरूण धरते. आमच्या पहिल्या पिल्लाचे हेच झाले असावे. जिलेबीच्या तुकड्याला आम्ही बोल लावीत बसलो आणि खरा शत्रू निराळाच होता. माणसांना मात्र कुत्र्यांच्या या रोगाची बाधा होत नाही.

घरी काय करावे

पिल्लू खेळत आहे, शेपटी हलवीत आहे, पाणी पीत आहे, ओकारी नाही आणि केवळ शौच पातळ आहे, अशा वेळी एक दिवस घरी काळजी घेण्यास हरकत नाही. दूध, तूप, तळलेले व मसाल्याचे पदार्थ तत्काळ बंद करावेत. मऊ शिजविलेला भात दोन भाग आणि हाडे व कातडी काढून उकडलेली कोंबडी एक भाग, तिखटमिठाविना, दिवसातून चारपाच वेळा थोडी थोडी द्यावी. शाकाहारी घरांत मऊ भातात थोडे ताजे दही कालवून द्यावे. दह्यात दुधापेक्षा दुग्धशर्करा कमी असते. मोठ्या माणसाप्रमाणे पिल्लाला दिवसभर लंघन घडवू नये. लहान जीवाच्या रक्तातली साखर लवकर उतरते आणि ते गलितगात्र होते.

पाणी हे खरे औषध. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. तेच तत्त्व येथेही लागू आहे. क्षारसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी आणि चमचा-चमचा, दर दहापंधरा मिनिटांनी पुढे करावी. पिल्लू पीत नसेल तर बळाने घशात ओतू नये. ते फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो.

घरातल्या डब्यातली आपली औषधे देऊ नयेत. माणसांच्या तापाच्या व दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला विषासमान ठरू शकतात, आणि जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या रोग आत कोंडतात. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हेही कुत्र्याला वर्ज्य.

केव्हा थांबू नये

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. पिल्लू कोपऱ्यात पडून राहते आणि हाक मारली तरी उठत नाही, वारंवार ओकते, शौचात रक्त आहे किंवा अतिशय उग्र दुर्गंधी आहे, हिरड्या पांढुरक्या किंवा चिकट कोरड्या झाल्या आहेत, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली असता चटकन पूर्ववत होत नाही. लस न टोचलेले पिल्लू असेल तर भीती दुप्पट. पार्व्होचा विषाणू मारणारे हुकमी औषध नाही. परंतु शिरेतून पाणी व क्षार, ओकारी थांबविणारी औषधे आणि दुय्यम जंतूंविरुद्धची औषधे वेळेवर मिळाली तर बहुतेक पिल्ले वाचतात. उपचारांविना बहुतेक दगावतात. दोहोंतले अंतर पुष्कळदा एका दिवसाचे असते.

गेलेल्या पिल्लामागे त्याचा रोग अंगणात उरतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते. हा विषाणू सावलीच्या दमट जागी वर्षभरही तग धरतो आणि घरोघरचे फिनेल त्याला मारीत नाही. फरशी आधी घासून धुवावी, मग ब्लीचिंगचे द्रावण तीस भाग पाण्यात एक भाग घालून दहा मिनिटे राहू द्यावे. मातीवर हा उपाय चालत नाही. म्हणून त्या अंगणात लसीकरण पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू आणू नये. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर तीनचार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा टोचावी लागते. आईकडून मिळालेले रोगप्रतिकारक अंश लसीला निष्प्रभ करतात आणि ते केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक निराळे असते. एका टोचणीवर विसंबू नये ते यासाठी.

दीड वर्ष आम्ही थांबलो. मग दुसरे पिल्लू आले, आणि तिसऱ्या दिवशी त्याचेही पोट बिघडले. घरात कोणी बोलेना. मात्र या वेळी दुधाची वाटी पुढे झाली नाही. शौचाचा नमुना डबीत घेऊन त्याच दिवशी आम्ही पूल ओलांडला. तपासणीत जंत निघाले. चार दिवसांत ते उड्या मारू लागले. मुलांनी त्याचे नाव 'आहू' ठेवले आहे.

संत नामदेवांची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो: पोळी पळविणाऱ्या कुत्र्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ते धावणे आपण अवश्य घ्यावे. तुपाची वाटी मात्र घरी ठेवून, पशुवैद्यांच्या दारापर्यंत धावावे.