१२८ गुणिले ७८,१२५ किती? कागद नको!

उत्तर: बरोबर एक कोटी.

जादू नाही. १२८ म्हणजे २ चा ७ वा घात आणि ७८,१२५ म्हणजे ५ चा ७ वा घात. पाया वेगळा, घातांक मात्र एकच. अशा वेळी पायांचा गुणाकार करायचा आणि घातांक जसाच्या तसा ठेवायचा. २ × ५ = १०, आणि १० चा ७ वा घात म्हणजे एकावर सात शून्ये.

असं का होतं? सात वेळा २ आणि सात वेळा ५ ओळीत मांडा. गुणाकारात क्रम बदलला तरी चालतो, म्हणून प्रत्येक २ शेजारी एक ५ बसवा. दहाच्या सात जोड्या तयार! नियम पाठ करण्यापेक्षा मला या जोड्याच जास्त आवडतात.

घातांक सारखे नसतील तर? २ चा ८ वा घात गुणिले ५ चा ६ वा घात घ्या. सहा जोड्या जमतात, दोन २ एकटे उरतात. म्हणून दहा लाख गुणिले ४, म्हणजे ४० लाख.

बेरजेला मात्र हे लावू नका हं! २ चा वर्ग अधिक ५ चा वर्ग २९ होतो, ७ चा वर्ग ४९.

आता तुम्ही सांगा: ८ चा ४ था घात गुणिले १२.५ चा ४ था घात किती?