मोटारीतील शीतयंत्र आणि बेताचा खर्च

वैशाख लागला की धाराशिव जिल्ह्यात पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. बालाघाटाच्या पठारावर सावली विरळ. आणि मोठे इस्पितळ गाठावयाचे तर बहुधा तुळजापूरवरून सोलापूरचा सुमारे ६५ ते ७० किलोमीटरचा रस्ता धरावा लागतो. अशा दिवसांत वृद्ध मातापिता किंवा तान्हे मूल बरोबर असताना मोटारीतील गार वारा एकाएकी बंद पडला, तर ती निव्वळ चैनीची हानी राहत नाही. गॅरेजात मात्र पुष्कळदा एकाच वाक्यात निकाल लागतो : कॉम्प्रेसर गेला, नवा घालावा लागेल. नव्या कॉम्प्रेसरचे मोल हजारांच्या घरात असते. गाडी जुनी असेल तर ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ अशी गत व्हावयाची. म्हणून ते वाक्य पूर्ण सत्य केव्हा आणि अर्धसत्य केव्हा, हे गृहस्थाला पारखता येणे अगत्याचे आहे.

माठातील पाणी गार होते ते झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ती माठाची उष्णता घेऊन जाते म्हणून. मोटारीतील शीतयंत्राचे मर्मही हेच. भेद एवढाच, की माठातील वाफ हवेत निघून जाते आणि येथे ती पुनःपुन्हा पकडून वापरली जाते. आजच्या पुष्कळ मोटारींत ‘आर-१३४ए’ नावाचा वायू असतो. साध्या दाबाखाली तो शून्याखाली २६ अंशांवरच उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागील कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रवरूप होतो, ड्रायरमध्ये त्यातील ओल शोषली जाते, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेने त्याचा दाब उतरतो आणि कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होऊन आतील हवा गार होते. कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेलही या वायूच्याच संगतीने फिरत असते. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पुष्कळशा नुकसानीचे मूळ तिच्यातच आहे.

वायू पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरावा’ लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे, हे उघड होय. गळतीवाटे वायूबरोबर तेलही जाते; उरलेल्या थोडक्या वायूला तेल पुरेसे फिरविता येत नाही; कॉम्प्रेसर कोरडा पडून घासतो आणि अखेर अडकतो. गळती न शोधता दरसाल गॅस भरण्यात जी काटकसर वाटते, तीच पुढे मोठ्या खर्चाला कारण होते.

आता परीक्षा कशी करावी? इंजिन चालू असताना शीतयंत्राचे बटण दाबल्यावर, चुंबकी क्लच असलेल्या गाडीत ‘टक्’ असा आवाज येऊन क्लचची पुढील चकती फिरू लागली पाहिजे. ती फिरत नसेल तर प्रथम फ्यूज आणि रिले पाहावेत. हे भाग स्वस्त असतात. ते ठीक असूनही क्लच लागत नसेल, तर वायूचा दाब मोजून घ्यावा, कारण वायू कमी झाला की दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. तेथे कॉम्प्रेसर निर्दोष असतो. बटण बंद असतानाही घरघर ऐकू येत असेल, तर दोष पुलीच्या बेअरिंगचा असण्याचा संभव. बेअरिंग किंवा क्लचची कॉइल पुष्कळ बनावटींत वेगळी बदलता येते. इंजिन बंद करून, किल्ली काढून, पुढील चकती हाताने फिरवून पाहावी. ती जागची हलतच नसेल, तर मात्र कॉम्प्रेसर खरोखरच अडकला असे समजावे.

तसे निघाल्यास तीन मार्ग उरतात : नवा घेणे, जुना दुरुस्त करून घेणे, अथवा भंगारातील गाडीचा वापरलेला आणणे. पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात चौकशी करता भावातील अंतर कळते. दुरुस्त केलेल्या मालाची लेखी हमी मागावी. वापरलेला घेताना त्याची तोंडे बुचांनी बंद आहेत ना, आणि आस हाताने मऊ फिरतो ना, हे पाहावे. तोंडे उघडी राहिल्यास आत ओल शिरते.

काटकसर कोठे करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. आतून झिजलेल्या कॉम्प्रेसरचा धातूचा कीस नळ्यांत पसरतो. नळ्या धुतल्या नाहीत, ड्रायर बदलला नाही, तर नवा कॉम्प्रेसरही त्याच कीसाने मरतो. कंडेन्सरच्या नळ्या फार बारीक असतील तर त्या धुऊन स्वच्छ होत नाहीत. तेव्हा तोही बदलावा लागतो. जोडणीनंतर पंपाने आतील हवा व ओल निदान अर्धा तास खेचून काढावी आणि बॉनेटखालील चिठ्ठीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू काट्यावर मोजून भरावा. जुना वायू हवेत सोडू नये, यंत्राने काढून घ्यावा. पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायॉक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. दाबाखालील नळ्या घरी उघडणेही धोक्याचे.

एवढा खर्च तूर्त झेपत नसेल तर? १९३९ साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने मोटारीत शीतयंत्र आणले, तेव्हा त्याला क्लचच नव्हता. ते बंद ठेवावयाचे तर पट्टा उतरवावा लागे. आजही क्लच असलेल्या गाडीत पुली मोकळी फिरत असेल, तर बटण बंद ठेवून गाडी खुशाल चालवावी. परंतु पुलीच अडकली असेल, अथवा क्लच नसलेला कॉम्प्रेसर जाम झाला असेल, तर तशी गाडी हाकू नये. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा बॅटरीचे डायनॅमो आणि पाण्याचा पंप फिरवितो. तो तुटला की इंजिन तापून भर रस्त्यात थांबावयाचे. अशा वेळी काही गाड्यांत आखूड पट्टा किंवा मोकळी पुली बसवून कॉम्प्रेसर वगळता येतो. मग वृद्धांना घेऊन जाणारा प्रवास पहाटे उरकावा, पाणी जवळ ठेवावे आणि पैसे जमताच दुरुस्ती करावी.

शीतयंत्राला थोडी निगा पुरते. कंडेन्सरवरील धूळ व किडे मंद धारेने धुवावेत, त्याचा पंखा फिरतो की नाही ते पाहावे आणि थंडीतही महिन्यातून एकदा दहा मिनिटे शीतयंत्र चालवावे, म्हणजे आसाजवळील रबरी सील तेलाने ओले राहते. गार वारा किंचित मंदावला की त्याच आठवड्यात गळती शोधावी. त्या वेळी एका सीलवर भागते. वर्षभर टाळले तर सबंध कॉम्प्रेसर द्यावा लागतो.