पुणे शहराचा पाणीपुरवठा

पुणे महानगरपालिकेच्या क्षेत्रासाठी पाण्याची साठवण, वहन, शुद्धीकरण व वितरण करणारी नागरी व्यवस्था. पुणे शहर मुळा व मुठा या नद्यांच्या संगमावर, समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर वसले आहे. येथे पाऊस बेताचा (वार्षिक सरासरी सु. ७० सेंमी.) पडतो, पश्चिमेकडील घाटमाथ्यावर मात्र तो विपुल असतो. त्यामुळे डोंगरभागात पाणी अडवून ते उताराने शहराकडे आणणे, हे या व्यवस्थेचे जुने सूत्र होय.

इतिहास : बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे (कार. १७४०–६१) यांच्या काळात कात्रज येथे तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत भूमिगत नळ आणण्यात आला. दगडी बांधणीच्या या नळात गाळ बसण्याची व हवा खेळण्यासाठी उच्छ्‌वासांची सोय होती. पाणी केवळ उताराने वाहत येऊन पेठांतील हौदांत पडे व तेथून लोक ते भरून नेत. ब्रिटिश अमदानीत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा बांधण्यात आला (१८५०). मुठा नदीवरील खडकवासला धरणाचे काम फाइफ या लष्करी अभियंत्याच्या योजनेनुसार १८६९ मध्ये सुरू होऊन १८७९ मध्ये पूर्ण झाले. हे धरण प्रारंभापासूनच दुहेरी उद्देशाचे होते : शहर व लष्कर यांस पाणी आणि कालव्याखालील जमिनीस सिंचन.

अंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण बांधकाम चालू असतानाच १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. नळाचे पाणी बंद पडल्याने लोकांना जुन्या विहिरींचा आश्रय घ्यावा लागला. पुढे दोन्ही धरणे पुन्हा उभारण्यात आली.

साठवण व वाटप : खडकवासला (१.९७ अब्ज घनफूट), पानशेत (१०.६५), मोसी नदीवरील वरसगाव (१२.८२) व मुठेवरील टेमघर (३.७१) या चार धरणांची उपयुक्त साठवण एकूण सु. २९.१५ अब्ज घनफूट आहे. वरच्या तीन धरणांचे पाणी खडकवासल्यात सोडले जाते. तेथून शहरास पाणी मिळते, तसेच मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांतील शेतीस जाते. लोकवस्ती वाढेल तशी शहराची मागणी वाढते आणि धरणे तेवढीच राहतात. त्यामुळे पाऊस कमी झालेल्या वर्षी शहर व शेती यांच्या वाट्याचा प्रश्न तीव्र होतो. टेमघर धरणातून मोठ्या प्रमाणात पाणी झिरपत असल्याने २०१६ नंतर त्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले.

अलीकडील प्रकल्प : उघड्या कालव्यातील बाष्पीभवन, गळती व प्रदूषण टाळण्यासाठी खडकवासला ते पर्वती जलशुद्धीकरण केंद्र बंद नळवाहिनी टाकण्यात आली. उघड्या कालव्याचा धोका २७ सप्टेंबर २०१८ रोजी दिसून आला : दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटून वस्त्यांत पाणी शिरले. कालव्याऐवजी खडकवासला ते फुरसुंगी असा बोगदा खोदण्याची योजनाही त्यानंतर पुढे आली. शहराच्या पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणातून प्रतिदिनी २० कोटी लिटर पाणी आणणारी योजना जानेवारी २०२१ मध्ये कार्यान्वित झाली.

समान पाणीपुरवठा योजनेचा हेतू सर्व भागांस पुरेशा दाबाने अखंड पाणी देणे हा आहे. तीत साठवण टाक्या, नव्या नळवाहिन्या व जलमापक यांचा समावेश असून तिच्यासाठी महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. ठराविक वेळीच पाणी सोडल्यास रिकाम्या नळांत गटाराचे पाणी झिरपू शकते, तसेच उंचावरील व टोकाच्या वस्त्यांस दाब अपुरा पडतो. नळ सतत भरलेले राहिल्यास हे दोन्ही दोष कमी होतात. जलमापकांमुळे गळतीचे ठिकाण व प्रमाण कळते.

सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते शेतीस देणे, हा शहर व शेती यांच्यातील ताण कमी करण्याचा एक मार्ग होय. त्यासाठी मुंढवा येथून नदीचे पाणी उचलून बेबी कालव्यात सोडण्याची व्यवस्था करण्यात आली. तथापि शुद्धीकरण अपुरे असल्यास प्रदूषित पाणीच शेतात जाते. जपानच्या अर्थसाहाय्याने (करार २०१६) अकरा शुद्धीकरण केंद्रे उभारण्याचा प्रकल्प याच गरजेतून आखण्यात आला.

महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. हद्द वाढली, तरी नळवाहिन्या व शुद्धीकरण केंद्रे त्या वेगाने पोहोचली नाहीत. सिंहगड रस्ता परिसरात जानेवारी २०२५ मध्ये गिलेन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराची साथ उद्‌भवली, तेव्हा दूषित पाण्याचा संशय घेण्यात आला आणि समाविष्ट गावांतील विहिरींच्या पाण्याचा प्रश्न पुढे आला. धरणातील साठ्याइतकेच वहनातील गळती रोखणे व शुद्ध पाणी शेवटच्या घरापर्यंत पोहोचविणे महत्त्वाचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.