सदोष तबकडी आणि नाट्यसंगीताचे जतन

नाटकाची संहिता छापली जाते, छायाचित्रे मागे राहतात. परंतु गायक-नटाचा स्वर मात्र प्रयोगाबरोबरच विरून जातो. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला, तेव्हा तो स्वर टिकवून धरण्याचे साधन आपल्याकडे नव्हते. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला आणि पुढे नाट्यपदेही तबकड्यांवर येऊ लागली. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गायन मावत असे. त्यामुळे रंगमंचावर दीर्घकाळ रंगणारे पद बालगंधर्वांसारख्या गायकालाही त्या मर्यादेत आवरते घ्यावे लागले. १९४८ साली अमेरिकेत एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे चालणारी विनाईलची तबकडी, म्हणजेच एल.पी., बाजारात आली. कालांतराने ती आपल्याकडेही रुळली आणि एका नाटकाची प्रमुख पदे एकाच तबकडीवर देणे शक्य झाले. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांतील, पं. जितेंद्र अभिषेकी यांनी स्वरबद्ध केलेली पदे प्रयोग कधीही न पाहिलेल्या असंख्य श्रोत्यांपर्यंत पोचली ती आकाशवाणी आणि तबकडी यांच्या द्वारे.

अशा तबकड्या आज शाळांच्या कपाटांत, सार्वजनिक ग्रंथालयांत आणि गावोगावच्या नाट्यमंडळांच्या पेट्यांत पडून आहेत. त्यांतील काही वापराने झिजल्या आहेत हे खरे. परंतु काही तर कारखान्यातून बाहेर पडतानाच सदोष होत्या. मूळ ध्वनिफीत सुस्थितीत असेल तर तबकडीच्या दोषांची चिंता करण्याचे कारण नाही. फितीवरून नवी प्रत काढता येते. फीत हरवली, पुसली गेली किंवा चिकट होऊन निरुपयोगी झाली असेल, तर मात्र ती सदोष तबकडी हाच त्या नटसंचाच्या गायनाचा एकमेव पुरावा उरतो. म्हणून तिचे ‘डिजिटायझेशन’ करून घेण्यापूर्वी ते काम नेमके कसे चालते, हे ज्यांच्या ताब्यात अशा तबकड्या आहेत त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

दोष कोठे निर्माण होतो?

फितीवरील ध्वनी प्रथम विशिष्ट रोगणाचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर खाचेच्या रूपाने कोरला जातो. त्या चकतीवर चांदीचा पातळ लेप देऊन विद्युत्-प्रक्रियेने निकेलचा थर चढवितात आणि त्यातून क्रमाक्रमाने उलट-सुलट ठसे घेऊन शेवटी छपाईचा साचा तयार होतो. दोन साच्यांमध्ये तापलेल्या विनाईलचा गोळा ठेवून वाफेच्या उष्णतेने व प्रचंड दाबाने तो चेपला, की तबकडी तयार होते. हे एक आवर्तन सुमारे अर्ध्या मिनिटात आटोपते, आणि घोटाळा होतो तो बहुधा याच अर्ध्या मिनिटात. उष्णता कमी पडली तर विनाईल खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही. अशा जागी सुई आली की कापड फाडल्यासारखा आवाज येतो. तबकडी पुरती थंड होण्याआधी काढली तर ती वाकते. एकाच साच्यातून क्षमतेपेक्षा अधिक प्रती काढल्या तर खाचेच्या कडा बोथट होतात आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे फुत्कारल्यासारखी उमटतात. मालातही फरक असे. विनाईल हा खनिज तेलापासून बनणारा पदार्थ असल्याने १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर त्याची टंचाई जाणवली. जुन्या तबकड्या दळून तोच माल पुन्हा वापरण्याची प्रथा तेव्हा बळावली. त्या मालात लेबलाच्या कागदाचे कणही मिसळले जात आणि ते खरखर होऊन ऐकू येत.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. छपाईचा दोष वेगळा आणि मुद्रणाचा किंवा संपादनाचा दोष वेगळा. न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली रंगमंचावर आलेल्या ‘फॉलीज’ या संगीतिकेचे उदाहरण बोलके आहे. तिचे संगीत एका तबकडीत बसविण्यासाठी मूळ नटसंचाच्या ध्वनिमुद्रणात अनेक गीते कापून आखूड करण्यात आली. रसिकांची ती हळहळ इतकी टिकली, की १९८५ साली मैफलीच्या स्वरूपात ती संगीतिका नव्या कलावंतांकडून पुन्हा गाऊन घेऊन मुद्रित करण्यात आली. जे गायलेच गेले नाही ते कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. जे गायले गेले, पण तबकडीत नीट उमटले नाही, त्याच्याच बाबतीत आपण पुढे विचार करीत आहोत.

सरकलेले भोक

नाट्यसंगीताच्या दृष्टीने सर्वांत घातक दोष दिसायला अगदी क्षुल्लक आहे. तो म्हणजे तबकडीचे मधले भोक केंद्रापासून किंचित सरकलेले असणे. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेले असेल, तरी केंद्रापासून ६० मिलिमीटरवर असलेल्या आतल्या खाचांवर दर फेऱ्याला सूर १२० त एक या प्रमाणात चढतो आणि तितकाच उतरतो. दोन्ही मिळून हेलकावा सुमारे ६० त एक एवढा होतो. आपल्या शास्त्रात प्रमाणश्रुतीचे अंतर ८१ : ८०, म्हणजे ८० त एक मानलेले आहे. म्हणजेच भोकाची ही एवढीशी चूक एका श्रुतीहून मोठा डोल निर्माण करते. वाद्यवृंदाच्या गजबजाटात तो कदाचित खपून जाईल. पण ऑर्गनचा लांबवलेला षड्ज आणि त्यावर स्थिरावलेला गायकाचा स्वर असेल, तर तो लपत नाही. ऐकणारा तबकडीला दोष देत नाही, गायकाला बेसूर ठरवितो. एका पिढीच्या कलावंतांवर हा अन्याय आहे.

यावरील उत्तम उपाय संगणकात नसून तबकडीवरच आहे. भोक काळजीपूर्वक किंचित मोठे करून, सुई धरणारा दांडा डावी-उजवीकडे हलेनासा होईपर्यंत तबकडी फिरत्या थाळीवर हाताने सरकवून बसवितात. संगणकाद्वारेही डोल काढता येतो. परंतु मुळात सरळ फिरवलेली तबकडी केव्हाही श्रेयस्कर. एकंदर गती बरोबर आहे की नाही, हे ठरविताना मुद्रणात शिरलेली ५० आवर्तनांच्या विजेची बारीक गुणगुण कधीकधी उपयोगी पडते. अर्थात त्या काळच्या वीजपुरवठ्याची आवर्तनेही नेहमी काटेकोर नसत, हे विसरून चालत नाही.

सुईखाली जाण्यापूर्वी

कामाचा निम्मा भाग संगणक सुरू होण्याआधीच संपतो. पहिली गोष्ट म्हणजे एकाच तबकडीच्या मिळतील तितक्या प्रती गोळा करणे. वेगवेगळ्या साच्यांतून किंवा वेगवेगळ्या वेळी काढलेल्या प्रतींत दोष एकाच जागी नसतात. एकीत जेथे खाच अपुरी भरली आहे, तेथे दुसरी स्वच्छ असू शकते. म्हणून आपल्या ग्रंथालयात एक प्रत आहे म्हणून शेजारच्या गावची दुसरी प्रत ‘जादा’ समजून भंगारात देऊ नये. तबकडीच्या आतल्या मोकळ्या पट्टीवर कोरलेले क्रमांक व चिन्हे यांवरून साच्याचा काहीसा अंदाज येतो. त्यांची नोंद करून ठेवावी.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. विनाईलच्या तबकड्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुता येतात; नळाच्या पाण्यातील क्षार खाचेतच बसतात. लाखेच्या जुन्या तबकड्यांना मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल कदापि लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. लेबल भिजू देऊ नये. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने एल.पी. लावून पाहण्याचा उत्साह तर कटाक्षाने आवरावा. एकाच फेरीत ती कायमची निकामी होते.

तिसरी गोष्ट सुईची. लाखेच्या तबकडीला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, तर एल.पी.ला १८ ते २५ मायक्रॉनची. पूर्वीच्या सुईने खाचेचा जो भाग झिजविला असेल, त्याच्या किंचित वर किंवा खाली टेकणारी सुई निवडली, तर न झिजलेल्या भिंतीवरून ध्वनी मिळतो. शिवाय साठीच्या दशकातील अनेक मराठी ध्वनिमुद्रणे एकमार्गी, म्हणजे मोनो आहेत. खाचेच्या दोन्ही भिंतींवर एकच ध्वनी कोरलेला असतो. अशी तबकडी स्टिरिओ सुईने वाजवून दोन्ही भिंती स्वतंत्रपणे नोंदविल्या, तर क्षणोक्षणी जी भिंत स्वच्छ असेल तिचा ध्वनी घेता येतो. हा अत्यंत साधा आणि फलदायी उपाय दुकानदारी पद्धतीच्या कामात बहुधा वगळला जातो.

अंकांत रूपांतर

त्यानंतर ध्वनीचे अंकांत रूपांतर होते. सीडीसाठी ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांनी मापन होते. जतनाच्या कामी ९६,००० वेळा आणि २४ बिटांचे माप चांगले मानतात. या मापाने दोन मार्गांच्या ४५ मिनिटांच्या तबकडीला सुमारे दीड गिगाबाइट जागा लागते. आजच्या हिशेबाने ती किरकोळ आहे. तेव्हा जागा वाचविण्यासाठी एम.पी.३ स्वरूपात संकोचलेली प्रत हीच मूळ प्रत म्हणून ठेवणे समर्थनीय नाही. खरखर, टकटक, घरघर यांसह जशीच्या तशी नोंदविलेली, हात न लावलेली प्रत प्रथम बाजूला काढून दोन निरनिराळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवावी. दुरुस्ती करावयाची ती तिच्या नकलेवर.

दुरुस्तीत पहिला क्रम टकटक काढण्याचा. संगणक ध्वनीतील अचानक उसळी शोधतो आणि मागच्या-पुढच्या भागावरून ती जागा भरून काढतो. यंत्राला मात्र ओरखडा कोणता आणि तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ कोणता, हे कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी उसळ्याच! सरसकट सफाई केली की तबला कापसात गुंडाळल्यासारखा वाजू लागतो आणि गायकाच्या तानेतील व्यंजनांची धार जाते. म्हणून कुशल तंत्रज्ञ मोठे ओरखडे एकेक करून हाताने काढतो; एका बाजूला कित्येक तास लागतात. संस्थेने दर ठरविताना हा वेळ धरला नाही, तर काम यंत्राच्या भरवशावरच होणार हे उघड आहे.

सततची सळसळ कमी करण्यासाठी पद सुरू होण्यापूर्वीच्या रिकाम्या खाचेतील आवाजाचा नमुना घेऊन तो सर्वत्र वजा केला जातो. थोड्या प्रमाणात हा उपाय उपकारक आहे. अतिरेक झाला की पाण्याखालून आल्यासारखे विचित्र नाद उमटतात, ऑर्गनचा भाता आणि गायकाचा श्वास नाहीसा होतो. काढून टाकलेला भाग स्वतंत्रपणे ऐकून पाहावा. त्यात गाण्याची छटा ऐकू आली, तर सफाई जास्त झाली असे समजावे.

शेवटी स्वरपट्ट्यांचा तोल आणि आवाजाची पातळी ठरवितात. यालाच पुनर्संस्करण किंवा रीमास्टरिंग ही संज्ञा आहे. येथे सगळे काही मोठ्या आवाजात आणण्याचा मोह असतो. हळुवार आलाप आणि चढती तान एकाच पातळीवर आणल्यास प्रथमदर्शनी ध्वनी भरदार वाटतो, पण पदाची घडण मोडते. जुन्या नाट्यपदाला आजच्या चित्रपटगीताच्या तोडीचा दणका देण्याचे काहीच प्रयोजन नाही.

कायद्याची बाजू

कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये ध्वनिमुद्रणावरील हक्क त्याच्या प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. पदरचना व संगीतरचना यांवरील हक्क मात्र स्वतंत्र असून ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतात. सबब तबकडी जुनी झाली म्हणून तिची विक्री वा सार्वजनिक प्रसारण आपोआप मोकळे होते असे नाही. जतनाच्या बाबतीत तरतूद अनुकूल आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, एखाद्या अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे कृतीची बिगर-डिजिटल प्रत आधीपासून असल्यास, जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठविण्यास मुभा आहे. ग्रंथालयाची तबकडी दाखल-नोंदवहीत नोंदलेली असणे यासाठी उपयोगी ठरते. नोंदीत नाटकाचे नाव, गायक, तबकडीचा क्रमांक, आतल्या पट्टीवरील चिन्हे, अंकरूप प्रत कोणत्या यंत्रावर व कोणत्या सुईने घेतली, आणि नकलेवर कोणकोणत्या दुरुस्त्या केल्या हे सर्व लिहावे. तबकडी टाकून न देता कोरड्या, उन्हापासून दूर असलेल्या जागी, आडवी न रचता उभी ठेवावी. उद्या अधिक चांगली सुई उपलब्ध झाली तर तीच पुन्हा वाजवावी लागेल.