माळरानावरचं पहिलं बिऱ्हाड



गेल्या हंगामात लागणीच्या नोंदी घेत फिरताना आम्ही एका ज्येष्ठ सभासद आजींच्या वस्तीवर टेकलो. आजींचं वय नव्वदीच्या घरात. चहापाणी झाल्यावर त्यांनी काठी उचलली आणि आम्हांस खालच्या अंगाच्या दोन एकरांत नेलं. सरीच्या वरंब्यावर पांढरे क्षार फुलले होते. उसाचे फुटवे पिवळे पडून जागच्या जागी बसले होते. आजी म्हणाल्या, "सायेब, ह्या रानातली दगडं माझ्या सासूनं येचल्यात. तवा हितं नुसता माळ हुता. आता बघा, परत माळच व्हाया लागलाय."

त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

आजींचं सासर मूळचं सासवडचं. सासवडचे माळी बागाईतदार कऱ्हेच्या काठी मोटेच्या पाण्यावर ऊस पिकवण्यात तरबेज. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर सरकारने नीरेचा डावा कालवा काढला. पण पाणी आलं तरी ते घेणारा मिळेना. ज्वारी-बाजरी करणारा शेतकरी पाऊस दगा देईल त्याच वर्षी पाटाकडे बघे. बारमाही ऊस म्हणजे दीड वर्ष पैसा अडकायचा, गाड्यांनी शेणखत आणि पेंड घालायची. एवढी ताकद कोणाची? तेव्हा हे सासवडकर बायकापोरांसह गाडीत बिऱ्हाड घालून पाटाकाठी आले आणि खंडाने जमिनी घेऊन कसू लागले. पुढे गोदावरी-प्रवरेचे पाट निघाले, तसे ते तिकडे कोपरगाव-श्रीरामपूर भागातही पसरले.

त्यांचा संसार कसा होता? आजींनी सासूकडून ऐकलेलं सांगितलं. पहिली दोन वर्षं पाचटाच्या खोपीत काढली. पाटाकाठी हिवताप ठरलेला. पुरुष मंडळी रात्री दारं धरीत. बायका दिवसा बेणं तोडीत, खुरपीत आणि गुऱ्हाळ लागलं की चरकावरच्या गड्यांच्या भाकरी थापीत. काहिलीवर गुळव्या, चुलवाणावर जाळव्या आणि चरकाच्या बैलांमागे घरातलं दहा वर्षांचं पोर. गुळाच्या ढेपा पुण्याच्या पेठेत जात. पट्टी येईपर्यंत घरात सावकाराचाच पैसा. इतिहासात नाव एका कर्त्या पुरुषाचं लागतं, पण माळ फोडतं ते सगळं घर.

१९३० च्या सुमारास जगभर मंदी आली आणि गुळाचे भाव कोसळले. १९३२ साली साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच वर्षी या बागाईतदारांनी आपसांत भागभांडवल जमवून 'सासवड माळी शुगर फॅक्टरी' स्थापन केली. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ माळीनगर वसलं ते यातूनच. ही जॉइंट स्टॉक कंपनी होती, सहकारी संस्था नव्हे. पण ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक होऊ शकतो, हे तिथे आधी दिसलं. पुढे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला. १९५० साली तिथे गाळप सुरू झालं. आज आपल्या हातात जो शेअर आहे त्याची मुळं इथवर जातात.

अशी बिऱ्हाडं दूरदेशीही निघाली होती. अमेरिकेत १८६२ साली कायदा झाला : गवताळ माळावर १६० एकर घ्या, पाच वर्षं राहून कसा, जमीन तुमची. ती जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींची, हेही सांगितलं पाहिजे. घर बांधायला लाकूड नव्हतं, म्हणून त्या कुटुंबांनी गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून भिंती रचल्या. दोन पिढ्यांनी गव्हासाठी सगळं गवत नांगरून काढलं. १९३० नंतर दुष्काळ पडला आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने उडून गेली. हजारो कुटुंबांना घरदार सोडावं लागलं.

त्यांची माती वाऱ्याने नेली, आपली पाण्याने चालली आहे. ही काही आजची गोष्ट नाही. दख्खनच्या पाटांखाली जमिनी पाणथळ आणि खारपड होऊ लागल्या म्हणून मुंबई सरकारने १९१६ सालीच पाटपाण्याच्या अभ्यासाचा खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची जलसंशोधन संस्था त्यातूनच वाढली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी धोका कळला होता.

आम्ही मूळचे पालघर तालुक्यातील सातपाटीचे. गाव मासेमारीचं, समोर समुद्र, बाजूला खाडी. उधाणाचं पाणी बांध फोडून भाताच्या रानात शिरलं की सगळा गाव टोपल्या-फावडी घेऊन धावे. खारं पाणी समोरून येताना दिसायचं, म्हणून कोणी झोपून राहत नसे. देशावर खार खालून वर चढतो. भूगर्भातलं पाणी वर येतं, उन्हाने उडतं आणि क्षार वरच राहतात. तो दिसतो तेव्हा पाच-दहा वर्षं निघून गेलेली असतात.

आणि चूक कबूल करायची तर आमचीही आहे. आजींच्या बांधावर आम्ही वर्षानुवर्षं गेलो. को ८६०३२ लावा म्हटलं, फुले २६५ लावा म्हटलं, खताचे हप्ते सांगितले. "निचरा कुठे आहे?" हे कधी विचारलं नाही. टनेज चढत होतं, आम्हीही खूश होतो.

तेव्हा या उन्हाळ्यात एवढं करू या. मातीचा नमुना तपासून घ्या. क्षारता ४ च्या वर गेली तर जमीन खारवट : आधी चर काढा किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप घाला, मगच गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढा. सामू ८.५ च्या वर आणि माती चिबड असेल तर ती बहुधा चोपण : तिला अहवालाप्रमाणे जिप्सम, शेणखत आणि धैंच्याचं हिरवळीचं खत लागतं, निचरा तर लागतोच. नुसतं जिप्सम फेकून काही होत नाही. पाटाची पाळी आली म्हणून पाणी सोडायचं, ही सवय मोडा. ठिबक केलं तर उत्तमच. आणि चर एकट्याचा नसतो. वरच्याचं पाणी खालच्याच्या रानात उतरतं, म्हणून ओढ्यापर्यंतची वाट सर्व शेजाऱ्यांनी मिळूनच काढावी लागते. भागभांडवल जसं मिळून जमवलं तसंच हे.

आजींचा नातू ते दोन एकर विकायला निघाला होता. परवा शेजारचे चौघे आणि तो, असे पाचजण बांधावर बसले. चराची आखणी झाली आहे, खोदाई शिमग्यानंतर. आजी काठी टेकत आल्या आणि दोरी नीट धरली आहे का, ते बघत उभ्या राहिल्या.