दिवा लागला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

मालवण किनाऱ्यावरची गाडी वरून कितीही चकाकली तरी खालून गंजलेली असते. खारा वारा, पावसाळ्यातील ओल आणि तारकर्ली-देवबागकडची वाळू यांचा मार सायलेन्सरच्या पाइपावर बसतो. जोडावरचे बोल्ट गंजतात, पॅकिंग जळते, बारीक फट पडते. पूर्वी सायलेन्सर फुटला की आवाजावरून कळे. आताच्या गाडीत कधी कधी आवाज लक्षात येण्यापूर्वीच डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गिऱ्हाईक घाबरून गॅरेजात येते.

स्कॅनर लावला की पेट्रोल गाडीत बहुधा पी ०१७१ हा कोड दिसतो. अर्थ एवढाच, की हवा जास्त, पेट्रोल कमी. घाईचा मिस्त्री लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतो. काही दिवसांनी दिवा पुन्हा हजर!

याचे कारण समजून घ्यावे. इंजिनातून धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांमध्ये दाब उतरला की फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर ती हवा मोजतो, कॉम्प्युटरला पेट्रोल कमी वाटते आणि तो जास्त सोडतो. अ‍ॅव्हरेज पडते. फट मागच्या सेन्सरजवळ असली तर पी ०४२० येऊन दोष कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जातो. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतात. तो उगाच बदलला तर गिऱ्हाइकाचा खिसा आणि गॅरेजचे नाव, दोन्ही रिकामे.

तपासणी मात्र स्वस्त आहे. इंजिन रात्रभर थंड राहू द्यावे. सुरू करताच मॅनिफोल्डपाशी टिकटिक ऐकू येते. लोखंड तापून फुगले की ती कमी होते, म्हणून दुपारी गरम आलेल्या गाडीत ती सापडत नाही. जोडांवर काजळीचे काळे फराटे बघावेत. शंका राहिली तर इंजिन बंद व थंड असताना मागच्या पाइपातून ब्लोअरची हवा सोडून जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जागा दाखवतात. इनटेकचा होज फाटला तरी पी ०१७१ येतो, तेव्हा तोही पाहावा.

ही फट केवळ अ‍ॅव्हरेजचा प्रश्न नाही. पावसात काचा बंद करून आंबोली घाट चढणाऱ्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड शिरू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. प्रवाशांचे डोके दुखू लागले तर काचा उघडाव्यात व गाडी थांबवावी.

दुरुस्ती बहुधा पॅकिंग, बोल्ट वा वेल्डिंगवर भागते. विजेच्या वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि अर्थ कामाच्या जवळ धरावा, नाहीतर कॉम्प्युटर जळण्याची भीती असते. जोडावर साधे सिलिकॉन लावू नये. त्याच्या वाफेने चांगला सेन्सरही निकामी होतो.