जुन्या मराठी साधनांचे संदर्भनिर्देश

संशोधनपर लेखातील विधानाचा आधार वाचकास स्वतः उघडून पाहता यावा, एवढ्यासाठीच संदर्भ द्यावयाचा असतो. जुन्या मराठी साधनांचे निर्देश या कसोटीस पुष्कळदा उतरत नाहीत. याचे कारण केवळ लेखकांची हयगय नव्हे. अर्वाचीन मुद्रित ग्रंथांसाठी रूढ झालेला लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष व पृष्ठ हा साचा या साधनांना पुरा पडत नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

पहिली अडचण प्रतीची. तुकारामांच्या अभंगांची गाथा मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ व १८७३ साली दोन भागांत प्रसिद्ध केली. सांप्रदायिक व सार्थ गाथांतील अभंगांचा अनुक्रम तिच्याहून निराळा आहे. म्हणून 'तुकाराम, अभंग क्रमांक अमुक' एवढ्याच निर्देशाने अभंग सापडेलच असे नाही. क्रमांकाबरोबर गाथेची प्रत, संपादक व वर्ष दिले पाहिजे. शिवाय अभंगाचा प्रथम चरण दिल्यास कोणत्याही प्रतीतून तो शोधून काढता येतो.

ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथाचा निर्देश पृष्ठांकाने न करता अध्याय व ओवी यांनी करावा. मात्र ओव्यांची संख्या सर्व प्रतींत सारखी नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली संहिता व संप्रदायात रूढ असलेला पाठ यांत भेद आहेत. ज्या लेखातील अनुमान एखाद्या शब्दरूपावर आधारलेले असते, तेथे पाठ कोणत्या प्रतीतून घेतला हे न सांगितल्यास अनुमानाची परीक्षाच करता येत नाही.

ऐतिहासिक पत्रांच्या बाबतीत खंड व लेखांक हे दोन्ही आवश्यक होत. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड आहेत. तेव्हा खंडाविना लेखांक निरर्थक ठरतो. 'राजवाडे, मराठ्यांच्या इतिहासाची साधने, खंड, लेखांक, पृष्ठ' असा क्रम ठेवावा आणि पत्राची मूळ मिती पुढे द्यावी.

मितीच्या रूपांतरात विशेष सावधगिरी हवी. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हा नियम वर्षाच्या अखेरच्या भागास लागू पडत नाही. जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. महाराष्ट्र शासनाने मान्य केलेली शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही आहे. यात ७८ मिळविल्यास १६२९ येते. वास्तविक ज्युलियन गणनेप्रमाणे ती तारीख १९ फेब्रुवारी १६३० होय. जुन्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर केवळ शक असेल व महिना नसेल, तर शक जसाच्या तसा देऊन 'शके १८३१ (इ. स. १९०९-१०)' याप्रमाणे दोन्ही वर्षे कंसात लिहावी.

संदर्भसूची वर्णानुक्रमे लावताना अर्वाचीन लेखकाचे आडनाव प्रथम घ्यावे. संतकवींची नोंद त्यांच्या रूढ नावाखाली करावी. 'क्ष' व 'ज्ञ' ही जोडाक्षरे 'क' व 'ज' यांखाली घ्यावयाची की वर्णमालेच्या शेवटी, हे आधीच ठरवून सूचीच्या आरंभी सांगावे. नाहीतर वाचक ज्ञानदेवांना दोन ठिकाणी शोधत राहतो. 'तत्रैव' हा संक्षेप हस्तलिखिताच्या अखेरच्या वाचनानंतरच घालावा. दोन टीपांच्या मध्ये एखादी नवी टीप शिरली की तो भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. संगणकावरील छायाप्रत वापरली असल्यास पडद्यावरील अनुक्रमांक न देता छापील पृष्ठांक द्यावा.

सर्वांत घातक दोष उसन्या संदर्भाचा. दुसऱ्याच्या लेखातील तळटीप मूळ ग्रंथ न पाहता उतरून घेतली, की तिच्यातील चुकीचा लेखांकही तसाच पुढे जातो. चार लेखांत तो आढळल्यावर पाचव्या अभ्यासकास चार स्वतंत्र आधार असल्याचा भास होतो; वस्तुतः आधार एकच असतो व तोही चुकलेला. मूळ ग्रंथ पाहावयास न मिळाल्यास 'अमुक लेखकाच्या ग्रंथात उद्धृत' असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. मूळ तपासावयाचे राहिले आहे, एवढे त्यावरून पुढच्या अभ्यासकास कळते.